उत्सवातील भट्टी : पॉल सोल्डनर आणि अमेरिकन राकूचा इतिहास

प्रस्तावना :

मातीच्या भांड्याच्या निर्मितीप्रक्रियेत भाजणी ही अखेरची आणि सर्वाधिक अनिश्चित अवस्था होय. माती कालवणे, चाकावर आकार देणे, भांडे सुकवणे या साऱ्या क्रिया कारागिराच्या हाताखाली घडतात. भट्टीचे दार बंद झाले की मात्र त्याचे नियंत्रण संपते. म्हणूनच जगातील बहुतेक परंपरांमध्ये भाजणी हे कुटुंबातील अनुभवी व्यक्तीचे आणि काहीसे गोपनीय असे काम मानले गेले. भट्टी उघडल्यानंतर फुटकी भांडी बाजूला काढायची आणि चांगली तेवढी लोकांसमोर मांडायची, ही सर्वत्र आढळणारी रीत आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत या रीतीला छेद देणारा एक प्रवाह निर्माण झाला. कलामेळावे, हस्तकला-जत्रा, महाविद्यालयांची पटांगणे आणि उन्हाळी शिबिरे येथे लोकांसमोर भट्टी पेटवली जाऊ लागली. लाल निखाऱ्यासारखे तापलेले भांडे प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत बाहेर काढले जाऊ लागले. या प्रवाहाला 'अमेरिकन राकू' असे नाव मिळाले आणि त्याच्या केंद्रस्थानी पॉल सोल्डनर (१९२१–२०११) हे मृत्कलाकार व अध्यापक होते. प्रस्तुत निबंधात सोल्डनर यांच्या जीवनकार्याच्या आधारे दोन प्रश्नांचा विचार केला आहे. पहिला, लोकांसमोर केलेल्या भाजणीमुळे प्रयोगाचे स्वरूप कसे बदलले? दुसरा, एका परंपरेतून घेतलेले तंत्र मूळ स्वरूपापासून दूर गेल्यावर तिच्या नावावर कोणाचा अधिकार उरतो?

राकूची जपानी पार्श्वभूमी :

राकू परंपरेचा उगम सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्योटो येथे झाला. चहाविधीचे थोर आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांना साधेपणा, शांतता आणि अपूर्णतेतील सौंदर्य व्यक्त करणारे चहाचे पात्र हवे होते. कौले बनवणाऱ्या घराण्यातील चोजिरो या कारागिराने त्यांच्या प्रेरणेने अशी पात्रे घडवली. ती चाकावर न घडवता हातांनी दाबून आकारास आणली जात आणि धारदार साधनाने तासली जात. त्यांचा रंग प्रामुख्याने काळा किंवा तांबूस असे. परंपरेनुसार तत्कालीन सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने या घराण्याला 'राकू' या अक्षराची मुद्रा बहाल केली. या शब्दाचा अर्थ सहजता, समाधान वा आनंद असा होतो. पुढे हेच त्या घराण्याचे नाव झाले आणि ते आजतागायत चालत आले आहे. २०१९ मध्ये या घराण्याची सोळावी पिढी प्रमुखपदी आली.

जपानी राकूचे एक तांत्रिक वैशिष्ट्य पुढील विवेचनासाठी महत्त्वाचे आहे. काळे राकू पात्र छोट्या भट्टीत तापवून, ते तप्त असतानाच लांब चिमट्याने बाहेर काढले जाते आणि उघड्या हवेत झपाट्याने थंड होऊ दिले जाते. बाहेर काढल्यानंतर ते पालापाचोळ्यात वा भुशात पुरून धुरवण्याची क्रिया मूळ जपानी परंपरेत नाही. आज जगभर 'राकू' म्हणून जी धुरकट, तडकरेषांची आणि धातूसारख्या चमकेची भांडी ओळखली जातात, त्यांचे हे सर्व गुण अमेरिकेत निर्माण झाले.

टोकियोतील मेजवानी ते 'अ पॉटर्स बुक' :

राकू तंत्र पाश्चात्त्य जगात पोहोचले तेही एका समारंभातून. इंग्लिश कलाकार बर्नार्ड लीच (१८८७–१९७९) हे १९११ मध्ये टोकियोतील एका स्नेहमेळाव्यास उपस्थित होते. तेथे पाहुण्यांना कच्ची भाजलेली भांडी रंगवण्यासाठी देण्यात आली आणि रंगवलेली भांडी छोट्या भट्टीत त्यांच्यासमोरच भाजण्यात आली. स्वतः रंगवलेले भांडे अल्पावधीत निखाऱ्यातून तयार होऊन हाती आल्याचा लीच यांच्यावर इतका परिणाम झाला की त्यांनी मृत्कलेचे रीतसर शिक्षण घेण्याचे ठरवले. पुढे १९२० मध्ये शोजी हमादा यांच्या साहाय्याने त्यांनी इंग्लंडमधील सेंट आइव्हज येथे कार्यशाळा स्थापन केली. १९४० मध्ये त्यांचा 'अ पॉटर्स बुक' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यातील राकूच्या माहितीमुळे इंग्रजी वाचणाऱ्या कुंभारांना या पद्धतीची ओळख झाली.

अमेरिकेत राकूचा प्रयोग करणारे सोल्डनर हे पहिले नव्हते, ही बाब येथे नमूद केली पाहिजे. हॅल रीगर यांच्यासारख्या कलाकारांनी स्वतंत्रपणे या पद्धतीचा शोध घेतला होता आणि १९७० मध्ये रीगर यांचे राकूविषयक पुस्तकही प्रसिद्ध झाले. तथापि, तंत्राला नवे वळण देऊन त्याचा प्रसार करण्याचे श्रेय प्रामुख्याने सोल्डनर यांच्याकडे जाते.

सोल्डनर यांची जडणघडण :

पॉल सोल्डनर यांचा जन्म २४ एप्रिल १९२१ रोजी इलिनॉय राज्यातील समरफील्ड येथे झाला. त्यांचे वडील शांततावादी मेनोनाइट पंथाचे धर्मोपदेशक होते. दुसऱ्या महायुद्धात सोल्डनर यांनी अमेरिकन सैन्याच्या वैद्यकीय पथकात काम केले. युद्धाच्या अखेरीस ऑस्ट्रियातील माउटहाउझेन या छळछावणीत त्यांनी बराकींच्या भिंतींवर कैद्याच्या हातून कोळशाने काढलेली चित्रे पाहिली. मृत्यूच्या छायेतही माणूस हाती लागेल त्या साधनाने चित्र काढतो, या जाणिवेने त्यांना कलेकडे वळवले. ज्या कलाकाराच्या कामात पुढे कोळसा, धूर आणि राख यांना एवढे महत्त्व प्राप्त झाले, त्याच्या कलाजीवनाची सुरुवात भिंतीवरील कोळशाच्या रेषांनी व्हावी, हा योगायोग लक्षणीय आहे.

युद्धानंतर ओहायोतील ब्लफ्टन कॉलेजमधून पदवी घेऊन त्यांनी काही वर्षे कलाशिक्षक म्हणून काम केले. कोलोरॅडो विद्यापीठातील पदव्युत्तर शिक्षणानंतर, १९५४ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ते लॉस एंजेलिस काउंटी आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. ही संस्था पुढे ओटिस या नावाने प्रसिद्ध झाली. तेथे पीटर व्हॉल्कस (१९२४–२००२) यांनी नुकताच मृत्कला विभाग हाती घेतला होता आणि सोल्डनर हे त्यांचे पहिले विद्यार्थी ठरले. विभागात साधनसामग्री फारशी नव्हती. गुरू आणि शिष्य यांनी मिळून कार्यशाळा उभारली. चाके जुळवताना त्यांतील उणिवा सोल्डनर यांच्या लक्षात आल्या आणि त्यांनी स्वतः चाकाची सुधारित रचना केली. यातूनच त्यांचा चाके व माती मळण्याची यंत्रे बनवण्याचा व्यवसाय उभा राहिला. भांडे घडवण्याबरोबरच ते घडवण्याचे साधन घडवणे हा त्यांच्या प्रयोगशीलतेचा पाया होता.

व्हॉल्कस यांची अध्यापनपद्धती रूढ नव्हती. ते विद्यार्थ्यांसमोर प्रत्यक्ष काम करीत आणि विद्यार्थी त्यांच्या शेजारी आपापले काम करीत. उपयुक्त, सुबक भांड्याची चौकट मोडून मातीला चित्र व शिल्प यांच्या बरोबरीने स्थान मिळवून देण्याची चळवळ या कार्यशाळेतून उभी राहिली. या काळात सोल्डनर यांनी चाकावर टप्प्याटप्प्याने वाढवत नेलेली, माणसाच्या उंचीची भांडी घडवली. १९५६ मध्ये पदवी मिळाल्यानंतर ते क्लेअरमाँट येथील स्क्रिप्स कॉलेजमध्ये अध्यापन करू लागले. मधल्या काही खंडांचा अपवाद वगळता १९९१ मधील निवृत्तीपर्यंत हीच त्यांची कर्मभूमी होती.

१९६० : क्लेअरमाँटचा कलामेळावा :

१९६० मध्ये क्लेअरमाँट येथील हस्तकला-मेळाव्यात प्रात्यक्षिक देण्याचे निमंत्रण सोल्डनर यांना मिळाले. चाकावर भांडे घडवून दाखवण्याचे प्रात्यक्षिक नेहमीचेच होते. प्रेक्षकांना भाजणीही दाखवावी, या हेतूने त्यांनी राकूची निवड केली. नेहमीच्या उच्च तापमानाच्या भाजणीला अनेक तास लागतात आणि भट्टी थंड होण्यासाठी आणखी दिवस जातो. मेळाव्यातील प्रेक्षक इतका वेळ थांबणे शक्य नव्हते. राकूचे भांडे मात्र अल्पावधीत तयार होते. म्हणजेच राकूची निवड प्रथमतः मेळाव्याच्या गरजेतून झाली, हे ध्यानात घेतले पाहिजे.

सोल्डनर यांना राकूचा पूर्वानुभव नव्हता. लीच यांच्या ग्रंथातील माहितीच्या आधारे त्यांनी झिलई तयार केली, तात्पुरती भट्टी उभारली आणि भांडी तापवली. बाहेर काढलेली भांडी त्यांना निस्तेज आणि निराशाजनक वाटली. तेव्हा त्यांनी एक तप्त भांडे जवळच पडलेल्या 'पेपर ट्री'च्या पानांत लोळवले. मिऱ्याच्या वेलीशी संबंध नसलेला हा वृक्ष कॅलिफोर्नियात रस्तोरस्ती आढळतो. पाने पेटली, धूर झाला आणि भांड्याच्या उघड्या मातीवर करड्या-काळ्या छटा उमटल्या. झिलईतील बारीक तडेही काळ्या रेषांनी उठून दिसू लागले.

हा प्रसंग अमेरिकन मृत्कलेच्या इतिहासात जवळजवळ आख्यायिकेप्रमाणे सांगितला जातो आणि अपघाताने लागलेला शोध असे त्याचे वर्णन होते. हे वर्णन अपुरे आहे. पाने योगायोगाने तेथे होती, हे खरे. परंतु अपयश आलेले भांडे प्रेक्षकांसमोर बाजूला न ठेवता त्यावर लगेच दुसरा प्रयोग करणे हा निर्णय होता. बंद कार्यशाळेत हेच भांडे कदाचित फुटक्या भांड्यांच्या ढिगात गेले असते. मेळाव्यात मात्र भट्टी पेटलेली होती, भांडे तापलेले होते आणि माणसे पाहत होती. लोकांसमोर चुकण्याची तयारी ही या शोधाची पूर्वअट होती.

धुराचे रसायन :

या क्रियेमागील शास्त्र सोपे आहे. सामान्यतः सुमारे ९०० ते १००० अंश सेल्सिअस तापमानाला झिलई वितळली की भांडे चिमट्याने बाहेर काढतात आणि लाकडाचा भुसा, पाने किंवा कागद भरलेल्या पिंपात ठेवून झाकण लावतात. पदार्थ पेट घेतात आणि पिंपातील प्राणवायू संपतो. अपुऱ्या ज्वलनातून निर्माण झालेला कार्बन झिलई नसलेल्या मातीच्या छिद्रांत शिरून तिला काळी करतो. झिलईत तांब्याचे संयुग असल्यास त्यातील प्राणवायू ओढून घेतला जातो आणि तांबडी वा धातूसारखी चमक येते. अचानक तापमान बदलल्याने झिलईला तडे जातात आणि त्यांत कार्बन बसतो. हा आघात सहन व्हावा म्हणून मातीत भाजलेल्या मातीचा भरड चुरा मिसळावा लागतो.

महाराष्ट्रातील वाचकाला हे तत्त्व अगदीच अपरिचित नाही. कुंभार आव्यात हवा कोंडून आणि धूर धरून काळी मडकी तयार करतो. विदर्भातील महापाषाणीय शिळावर्तुळांत सापडलेल्या काळ्या-तांबड्या भांड्यांतही एकाच भांड्यावर प्राणवायूच्या उपलब्धतेचे व अभावाचे परिणाम दिसतात. सोल्डनर यांनी निसर्गाचा नवा नियम शोधला नाही. प्राचीन कुंभारांना ठाऊक असलेली धुराची क्रिया त्यांनी झिलई दिलेल्या तप्त भांड्यावर, काही मिनिटांत आणि सर्वांदेखत घडवली, हे त्यांच्या कार्याचे वेगळेपण होय.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. कमी तापमानामुळे भांडे सच्छिद्र राहते आणि पाणी झिरपते. आरंभीच्या झिलयांत शिसे वापरले जाई, जे आरोग्यास घातक आहे. पुढे त्याऐवजी बोरॉनयुक्त झिलया रूढ झाल्या. तांब्याची चमक हवेच्या संपर्काने कालांतराने मंदावते. परिणामी चहा पिण्यासाठी जन्मलेले राकू पात्र अमेरिकेत प्रामुख्याने पाहण्याची वस्तू बनले. मूळ परंपरेपासून झालेले हे सर्वांत मोठे अंतर होय.

प्रयोगाचा विस्तार :

१९६० नंतर सोल्डनर यांनी राकूच्या शक्यता पद्धतशीरपणे तपासल्या. चाकावरील भांडे चेपणे, मातीचे तक्ते जमिनीवर आपटून ताणणे, त्यांवर बुटांचे व इतर वस्तूंचे ठसे उमटवणे अशा क्रियांतून त्यांनी असमतोल आकार घडवले. तांबे व लोह असलेल्या पातळ मातीच्या लेपांच्या कडेला धुरवणीत फिकट प्रभावळ उमटते, हे त्यांच्या लक्षात आले आणि ती प्रभावळ त्यांच्या शैलीची खूण ठरली. १९७० च्या दशकात ते कमी तापमानाच्या मीठ-भाजणीकडे वळले. युरोपातील परंपरागत मीठ-भाजणीत अतिउच्च तापमानाला भट्टीत मीठ टाकतात आणि त्याच्या वाफेतील सोडियमचा मातीतील वाळूशी संयोग होऊन चकाकणारा थर तयार होतो. सोल्डनर यांनी तापमान बरेच कमी ठेवले. त्यामुळे काचेसारखा थर न येता मातीवर गुलाबी, नारिंगी आणि करड्या छटा पसरल्या.

या प्रयोगांचे निष्कर्ष त्यांनी स्वतःपुरते ठेवले नाहीत. देशभरातील महाविद्यालये, संमेलने व शिबिरे येथे त्यांनी दीर्घकाळ प्रात्यक्षिके दिली. अशा कार्यक्रमांत भट्टीभोवती जमलेले लोक केवळ प्रेक्षक राहत नसत. कोणी चिमटा धरी, कोणी भुसा टाकी, कोणी झाकण लावी. १९६० च्या दशकाच्या मध्यास कोलोरॅडोतील स्नोमास येथे मेंढपाळीच्या जुन्या वाडीत उभ्या राहिलेल्या 'अँडरसन रँच' या कलाकेंद्राच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता. जवळच ॲस्पेन येथे त्यांनी पत्नी जिनी यांच्यासह स्वतःच्या हातांनी घर बांधले आणि त्यात सौरऊर्जेचा वापर केला.

स्क्रिप्स कॉलेजच्या वार्षिक मृत्कला प्रदर्शनाचे कार्यही येथे विचारात घ्यावे लागते. १९४५ मध्ये सुरू झालेल्या या प्रदर्शनाची धुरा सोल्डनर यांनी अनेक दशके सांभाळली. त्यांनी त्याला कलाकारांच्या वार्षिक मेळाव्याचे रूप दिले आणि नामवंतांबरोबर नवोदितांनाही स्थान दिले. २०१९ मध्ये या प्रदर्शनाचे पंचाहत्तरावे पर्व पार पडले. व्हॉल्कस यांच्या वर्तुळातील कलाकृती आरंभापासून गोळा करणाऱ्या फ्रेड व मेरी मारेर या दांपत्याचा संग्रह याच महाविद्यालयाकडे आला, त्यामागेही सोल्डनर यांचा स्नेहसंबंध कारणीभूत होता.

नावाचा वाद : क्योटो, १९७८ :

१९७८ मध्ये क्योटो येथे जागतिक हस्तकला परिषदेचे अधिवेशन भरले. राकू घराण्याच्या चौदाव्या पिढीचे प्रमुख आणि सोल्डनर, रिक हर्श हे अमेरिकन कलाकार या निमित्ताने समोरासमोर आले. राकू हे एका घराण्याचे नाव आहे. अमेरिकेत जे केले जाते त्याला हे नाव देता येणार नाही, अशी जपानी बाजूची भूमिका होती. त्याच वर्षी क्योटोत राकू घराण्याचे वस्तुसंग्रहालय स्थापन झाले, ही बाबही लक्षात घेण्यासारखी आहे. परंपरा आपले स्वरूप निश्चित करून जतन करीत असताना तिचे नाव जगभर भिन्न अर्थाने वापरले जात होते.

हा आक्षेप केवळ अभिमानातून आला असे मानणे अन्यायाचे होईल. चारशे वर्षे एका घराण्याने पिढ्यानपिढ्या सांभाळलेले नाव एखाद्या तंत्राचे सामान्यनाम होऊन जावे आणि त्या तंत्राचा मूळ कृतीशी अल्पच संबंध उरावा, यात त्या घराण्याची खरी हानी आहे. दुसऱ्या बाजूने, सोल्डनर यांची भूमिका नक्कल करणाऱ्याची नव्हती. राकू हा शब्द ते उत्तरोत्तर तंत्रापेक्षा वृत्तीचा निदर्शक मानू लागले. न ठरवलेले स्वीकारणे आणि भट्टीने दिलेले दान नाकारण्याऐवजी त्यातून पुढे जाणे, ही ती वृत्ती होय. या अर्थाने पाहता, ठरीव चौकटीबाहेरचे पात्र घडवणाऱ्या चोजिरोशी त्यांचे नाते तंत्राने तुटले असले, तरी प्रेरणेने पूर्णतः तुटलेले नाही.

असे असले तरी नावाच्या उधारीचा प्रश्न मिटत नाही. धुरवलेल्या भांड्यांना 'अमेरिकन राकू' किंवा 'पाश्चात्त्य राकू' म्हणण्याचा प्रघात पुढे पडला. या विशेषणात फरकाची कबुली आहे आणि ऋणाचीही. दोन्ही परंपरांच्या दृष्टीने हीच संज्ञा अधिक न्याय्य ठरते.

समारोप :

पॉल सोल्डनर यांचे निधन ३ जानेवारी २०११ रोजी क्लेअरमाँट येथे झाले. त्यांच्या जीवनकार्यावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला, राकूच्या प्रसारात मेळावा हे केवळ प्रदर्शनाचे स्थळ नव्हते. १९११ मधील टोकियोच्या स्नेहमेळाव्याने लीच यांना कुंभार केले, तर १९६० मधील क्लेअरमाँटच्या मेळाव्याने सोल्डनर यांना नव्या तंत्रापर्यंत नेले. वेळेची मर्यादा आणि प्रेक्षकांची उपस्थिती यांनी प्रयोगाची दिशा ठरवली.

दुसरा, शोधाचे श्रेय अपघाताला देताना त्या अपघाताची तयारी विसरता येत नाही. स्वतः चाक बनवणारा, गुरूसोबत रिकामी कार्यशाळा उभारणारा आणि विद्यार्थ्यांसमोर चुका करण्यास न कचरणारा शिक्षकच त्या पानांचा उपयोग ओळखू शकला.

तिसरा, परंपरेतून घेतलेले तंत्र बदलणे हा कलावंताचा अधिकार मानला, तरी नाव घेताना मूळ परंपरेची जाण ठेवणे ही त्याची जबाबदारी आहे. क्योटोतील वादाने हे भान अमेरिकन मृत्कलेला दिले.

भट्टी लोकांसमोर उघडली गेल्यामुळे यशाबरोबर अपयशही सर्वांसमोर आले. तडकलेले, काळवंडलेले भांडे लपवण्याची वस्तू राहिली नाही. ते पुन्हा पाहण्याची आणि त्यातून शिकण्याची वस्तू बनले. कलाशिक्षणाच्या दृष्टीने सोल्डनर यांचा हा वारसा त्यांच्या कोणत्याही एका कलाकृतीपेक्षा अधिक टिकाऊ ठरला आहे.